फ्लोरा, बुत आणि आम्ही

मुंबईच्या हुतात्मा चौकातले कारंजे १८६४ सालचे. वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्प जेम्स फॉर्साइथ यांचे, दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा आणि मोठी देणगी कर्सेटजी फर्दूनजी पारेख या पारशी गृहस्थांची. नाव द्यायचे होते गव्हर्नर फ्रिअर यांचे. लोकांनी फ्लोराच ठेवले, बरे केले.

आमच्या सेलूच्या उर्दू शाळेतली मुले चित्र पाहून विचारतात, ‘सर, ये बुत है?’ बुताची पूजा होते, हिची इथे कुणी करत नाही, असे आम्ही सांगतो. मुलांना पटते. मोठ्यांना वेळ लागतो.

याच कारंज्याजवळ २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९६१ मध्ये शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले. वर्गात आम्ही ‘हुतात्मा’चा अर्थ ‘शहीद’ असा सांगतो. तरी बाहेर आम्हाला विचारले जाते, ‘तुम्हाला मराठी इतके चांगले कसे येते हो?’ फ्लोरा तर परदेशी दगडाची. तिला कुणी काही विचारत नाही. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन तिच्या पायाशी पुन्हा पाणी उडू लागले.