शिडावरून कोकण : मांडवीच्या मुखाशी (लेखांक शेवटचा)

दिवस नववा, माघ वद्य नवमी. विजयदुर्ग

मांडव्याहून प्रतिपदेला निघालो, म्हणून प्रवासाचा दिवस आणि तिथी जुळून राहिली आहे. आमचा तांडेल रोज सकाळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. नवमी म्हणजे पावणेसात. बोट त्याचीच. तीसेक वर्षं समुद्रावर काढलेला आमच्यात तो एकटाच. डॉक्टर, मास्तर आणि मी त्याच्या हाताखालचे खलाशी.

काल अंबोळगडाच्या भूशिराजवळ दुपारचा वारा एकाएकी चढला आणि पुढचं शीड हातभर फाटलं. उरलेलं अंतर मोठ्या शिडावर कापून संध्याकाळच्या भरतीबरोबर वाघोटण खाडीत शिरलो. विजयदुर्गाचा तट उजव्या हाताला इतका जवळून गेला की दगडांचे सांधे मोजता आले असते. पश्चिमेच्या बाजूला पाण्याखाली बांधलेली भिंत आहे. तांडेलानं त्या बाजूला फिरकूही दिलं नाही.

१७५६ च्या फेब्रुवारीत याच पाण्यावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळलं. समुद्रातून वॉटसनची इंग्रज जहाजं आली होती आणि जमिनीवर पेशव्यांची फौज होती. आपल्याच आरमाराचा शेवट व्हायला आपण हातभार लावला, ही गोष्ट पुस्तकात वाचली होती. आज नांगर टाकून त्या काळ्या पाण्याकडे बघत बसले तेव्हा घास उतरेना.

दिवस दहावा, दशमी. मालवण

पहाटे पाचला निघालो. या दिवसांत कोकण किनाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, दहाच्या सुमारास ती पडते, तास-दोन तास समुद्र तेलासारखा निपचित होतो आणि मग वायव्येचा खारा वारा सुटतो. दक्षिणेला जाणाऱ्यासाठी तो पाठीवर हात ठेवणारा वारा. देवगडचं दीपगृह मागे टाकलं आणि वारा पडला तो नेमका कुणकेश्वरासमोर. महाशिवरात्र चार दिवसांवर आली आहे. देवळाच्या आवारात मांडव उभे राहत होते, बांबू ठोकल्याचे आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होते. तासभर तिथेच डुलत राहिलो. मास्तरांनी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. या बारा दिवसांतलं सगळ्यांत चांगलं जेवण ते.

मालवणच्या बंदराबाहेर साडेचारला पोचलो आणि थांबलो. समुद्राकडून सिंधुदुर्ग म्हणजे पाण्यातून वर आलेली सलग भिंत. दरवाजा दिसतच नाही, तो वळणात लपवलेला आहे. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांचं जाळं आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडलं त्याचं कारण या खडकांत आहे. वाट माहीत नसलेल्याला इथे शिरता येत नाही.

एक म्हातारे मच्छीमार छोटी होडी घेऊन जवळ आले.

"खंयसून इलास?"

"मुंबईहून, काका."

"शिडार?"

आम्ही हो म्हटलं. ते डोलकाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या मागसून येवा. उजव्या हाताक खडक आसत."

नांगर पडल्यावर ते आमच्या बोटीवर आले. फाटलेलं शीड मांडीवर घेतलं आणि जाळं विणायच्या दोऱ्यानं अंधार पडेपर्यंत शिवत बसले. त्यांचे वडील शिडाच्या गलबतावर मंगळूरपर्यंत जात. "कौलां हाडूक," एवढंच ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, गुळाचा खडा घेतला.

याच बंदरात माझी आजी लग्नानंतर पहिल्यांदा उतरली. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि माणसं शिडीवरून त्यांत उतरायची. आजीला रात्रभर बोट लागली होती. आमच्या घरात आजही कुणाला एसटीत मळमळलं तरी 'बोट लागली' असंच म्हणतात. बोट जाऊन कितीतरी वर्षं झाली, शब्द राहिला. ती पडावात बसल्यावर तिला आधी काय दिसलं असेल? किल्ला, की किनाऱ्यावरचे माड? मी रात्री बराच वेळ डेकवर बसून हाच विचार करत होते.

दिवस अकरावा, एकादशी. निवती

सकाळी किल्ल्यात जाऊन आलो. चारी बाजूंनी खारट पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्या टाकीत वीस लिटर उरलं होतं, त्यामुळे त्या विहिरींकडे मी पर्यटकाच्या नजरेनं बघू शकले नाही. दुपारी निघून संध्याकाळी निवतीच्या किल्ल्याखाली नांगर टाकला. लवकर झोपलो.

दिवस बारावा, द्वादशी. पणजी

पहाटे चंद्राची कोर नुकती वर आली होती तेव्हा नांगर उचलला. उजवीकडे वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाचा प्रकाश फिरत होता. त्या खडकांमधल्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. उजाडलं तेव्हा त्यांतल्या काही डोलकाठीवरून सुसाट गेल्या. डॉक्टर दुर्बीण घ्यायला खाली धावले, तोवर त्या दिसेनाशा झाल्या.

रेडी, मग तेरेखोलपाशी गोव्याची हद्द. पाण्यावर रेघ नसते, पण तांडेलानं नकाशावर बोट ठेवलं आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. साडेबाराला वायव्येचा वारा आला. शिवलेलं शीड चढवलं. टाका एकही उसवला नाही.

चारच्या सुमारास आग्वादचं भूशिर दिसलं. १६१२ साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या या किल्ल्याचं नावच पाण्यावरून पडलं आहे. लांबून आलेली जहाजं इथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून घेत. आमच्याकडे तेव्हा आठ लिटर होतं.

मांडवीच्या मुखाशी वाळूची पट्टी आहे, पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात. द्वादशीची भरती नऊची, म्हणजे पाणी चढत होतं. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरच्या वर फरक करते, इथे दोनच्या आसपास. तरी चढतं पाणी ते चढतं पाणी. तांडेलानं सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः नाळेवर जाऊन उभा राहिला. डावीकडे आग्वाद, उजवीकडे काबो, मध्ये बोयांची वाट. लाट मागून उचलायची, बोट घसरत पुढे जायची. बारा दिवस बडबडणारी माणसं अगदी गप्प होती. मग एकाएकी पाणी सपाट झालं, त्याचा रंग मातकट झाला आणि ओल्या मातीचा वास आला.

डावीकडे रेइश मागुश, त्यापुढे वेरेंचा नौदलाचा तळ. याच मुखातून १० सप्टेंबर २०१७ ला वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी 'तारिणी' घेऊन बाहेर पडल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २५४ दिवसांनी इथेच परतल्या. 'तारिणी' बांधली तीही याच नदीतल्या दिवाडी बेटावर. सुकाणूवरचा माझा हात थरथरत होता आणि मला तो लपवावासा वाटला नाही.

सूर्य बुडायला थोडा अवकाश असताना पणजीसमोर नांगर पडला. साखळीचा आवाज थांबला. तांडेलानं वहीत लिहिलं : सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, माणसं चार, सगळी सुखरूप. मास्तरांनी मिरामारच्या दिशेनं हात जोडले. मी घरी फोन लावला.

वाचकहो, तुमच्या घरात आगबोटीनं कोकणात उतरलेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. कोणतं बंदर, किती वाजता, पडाव कुणाचा, किती आणे घेतले, सगळं विचारा आणि लिहून ठेवा. माझी आजी गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि मी तिला फक्त एवढंच विचारलं होतं की भीती नाही का वाटली.