बत्तीस लाखांचा कागद

आमच्याकडे पैशांच्या गोष्टी किचनमध्ये, कुकरच्या शिट्टीआड होतात. आई-बाबा हळू आवाजात बोलतात आणि बाहेर येऊन फक्त निकाल सांगतात. 'जमवू' किंवा 'झेपणार नाही'. मधलं काही आम्हा पोरींना कळत नाही.

२०१४ मध्ये माझ्या वाट्याला 'झेपणार नाही' आलं. बारावीनंतर मला मास मीडिया करायचं होतं, तेही एका चकाचक खासगी कॉलेजात. बाबांनी माहितीपुस्तकाचं शेवटचं पान बघितलं आणि ते टीपॉयखाली सरकवलं. मी गुपचूप इंजिनीअरिंग केलं. आता हिंजवडीत नोकरी आहे, हातात ५८ हजार येतात. तक्रार नव्हती. म्हणजे गेल्या जूनपर्यंत तरी!

जूनमध्ये धाकटीला डिझाइनला अॅडमिशन मिळाली. पुण्यातलंच खासगी विद्यापीठ. फी वर्षाला साडेचार लाख! चार वर्षांचे अठरा, लॅपटॉप-मटेरियल धरून वीस. तिला इंजिनीअरिंगलाही मिळत होतं आणि तिथे शिक्षण फी शून्य पडली असती. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ही फी माफ आहे. आमच्याकडे दाखलाही होता. पण खासगी विद्यापीठांना ती सवलत लागू नाही. त्यात बाबांच्या रिटायरमेंटला एकच वर्ष उरलेलं. तरीही किचनमधून निकाल आला, 'जमवू.'

खरं सांगू? आनंद नंतर झाला. आधी पोटात कळ आली. तिच्यासाठी जमतं, मग माझ्यासाठी का नाही जमलं?

बँकेत गेल्यावर कळलं की 'जमवू' म्हणजे माझ्यासकट जमवू. पाच लाख बाबांच्या एफडीतून, पंधरा लाख कर्ज. बाबा रिटायर होणार, म्हणून सहकर्जदार मी. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. म्हणजे चिंचवडचा आमचा वन बीएचके. ज्याचं कर्ज २०१८ मध्ये फिटलं तेव्हा बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते, तोच. तारणाशिवाय कर्ज देणारी पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे, पण ती निवडक संस्थांसाठी. आमची त्यात नव्हती. बरं, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, ती स्वतःच्या, नवरा-बायकोच्या नाहीतर मुलांच्या शिक्षणासाठी. बहीण त्यात बसत नाही!

त्या रात्री मी एक्सेल उघडलं. व्याज दहा टक्के धरलं. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक, हप्ता नाही. पण साधं व्याज साचत राहतं, सव्वापाच लाख. मग सव्वावीस लाखांवर दहा वर्षं, महिन्याला जवळपास २६,८०० चा हप्ता. एकूण बत्तीस लाख. पंधरा घेतले, बत्तीस फेडले!

रविवारी प्रिंटआउट डायनिंग टेबलवर ठेवला आणि धाकटीलाही बोलावलं. आई म्हणाली, "तिला कशाला गं यात?"

"तिचंच तर आहे सगळं."

धाकटीने कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, "ताई, मी इंजिनीअरिंगच करते."

एक क्षण मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. म्हणाले, "तुझ्या वेळी मी हिशोबच केला नाही गं. नुसता आकडा बघितला आणि घाबरलो."

इतकंच. पण अकरा वर्षांची कळ तिथे थोडी उतरली. हिशोब केला असता तरी उत्तर कदाचित 'नाही'च आलं असतं. पण ते मला कळलं असतं.

मग चौघांनी मिळून गणित पुन्हा मांडलं. व्याज साचू द्यायचं नाही, दरमहा भरायचं. पहिल्या वर्षी ३,१२५, दुसऱ्या वर्षी ६,२५०, ते मी भरणार. तिसऱ्या वर्षापासून धाकटी क्लासेस घेऊन, फ्रीलान्स कामं करून निम्मा भार उचलणार. असं केलं की पुढचा हप्ता वीस हजारांच्या आत येतो. तो तिचा. ती डिझाइनलाच गेली. घर पुन्हा गहाण पडलं. माझं रावेतच्या फ्लॅटचं बुकिंग लांबलं, कारण माझ्या नावावर आता हे कर्ज दिसतं. होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "भाड्याने राहू." तो विषय अजून पूर्ण मिटलेला नाही.

तुमच्याही घरात सध्या एखादं माहितीपुस्तक फिरत असेल. तर एक करा. कागद घ्या, आणि ज्याचं शिक्षण आहे त्याला समोर बसवा. उत्तर काहीही येऊ दे. फक्त ते कुकरच्या शिट्टीआड ठरवू नका.