नेमगिरीच्या परिसरातील पाणी

परभणीहून जिंतूरकडे निघाले की सपाट काळी जमीन मागे पडते आणि टेकड्या सुरू होतात. परंपरेने जैनपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिंतूरपासून नेमगिरी जवळच आहे. डोंगराच्या पोटातील गुंफांमध्ये वाकून प्रवेश करावा, भगवान नेमिनाथांच्या पद्मासनस्थ प्रतिमेपुढे क्षणभर स्तब्ध राहावे, आणि लहानशा पाषाणावर तोललेली पार्श्वनाथांची विशाल प्रतिमा पाहून विस्मित व्हावे. याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचा विस्तीर्ण जलाशय आहे. तरीही धरणाचे पाणी न पोहोचलेल्या वाड्या-वस्त्यांची तहान विंधन विहिरीच भागवतात.

खोल खडकातील पाणी दिसायला नितळ असते. परंतु खडकाच्या दीर्घ सहवासात त्यात फ्लोराइड उतरू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अल्प प्रमाणात ते दात किडण्यापासून वाचवते. अतिरेक झाला, तर हिरडीआड घडत असलेल्या दाताचे कवच बिघडते. दात उगवतात तेच पांढुरक्या चट्ट्यांसह, आणि पुढे ते तपकिरी होतात. घासून हे डाग जात नाहीत. जन्मापासून सुमारे ८ वर्षांपर्यंतचा काळ यासाठी नाजूक असतो. मोठेपणी दातांवर नवे डाग पडत नाहीत; मात्र वर्षानुवर्षे असे पाणी प्याल्यास सांधे आणि हाडे ताठरतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि यवतमाळमधील पांढरकवडा परिसराने हे दुःख जवळून पाहिले आहे.

येथे आपल्या आचाराविषयी एक गोष्ट समजून घ्यावी. पाणी गाळणे, गाळण्यातील जीव पुन्हा मूळ स्रोतात सोडणे, पाणी उकळून प्रासुक करणे, हे सारे अहिंसेचे आणि आरोग्याचेही व्रत आहे. पण विरघळलेले फ्लोराइड कापडातून सहज पार होते. उकळताना पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागे राहते, म्हणून त्याचे प्रमाण उलट थोडे वाढते. त्यासाठी आरओ यंत्र, सक्रिय ॲल्युमिनाची गाळणी, किंवा नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेली चुना व तुरटीची नालगोंडा पद्धत उपयोगी पडते. पावसाच्या पाण्यात तर फ्लोराइड जवळजवळ नसतेच. छतावरचे पाणी स्वच्छ साठवले, तर तोही सुलभ मार्ग आहे.

उन्हाळ्यात बाजारपेठेत पाणपोई घालणे ही आपल्या व्यापारी घराण्यांची जुनी पुण्याई. कोणी धर्मशाळेत कूपनलिका देतो, कोणी शाळेला टाकी बांधून देतो. मालाचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्या आपण, पाण्याचा नमुना पाहिल्याशिवाय त्याचे दान तरी का करावे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. एक विहीर निर्दोष म्हणून शेजारची तशीच असेल असे नाही. म्हणून प्रत्येक स्रोत स्वतंत्र तपासावा, आणि अहवाल टाकीवरच लिहून ठेवावा. नेमगिरीला दर्शनास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे ध्यानी ठेवले, तर या परिसरातील बालकांचे हसू निर्मळ राहील.