साथीला कोण?

आमच्या फुलंब्रीकडे मैफलीच्या पत्रिकेवर पेटीवाल्याचं नाव ‘साथीला’ या शब्दाखाली, मांडववाल्याच्या जरासं वर छापतात. गवई नुसता खाकरला तरी वाहवा. पेटीवाल्याने ते खाकरणं सुरात झेललं तरी कुणाचं लक्ष नाही. मला या माणसाबद्दल पहिल्यापासून माया. घरात माझंही स्थान साधारण तेच!

त्यातून पेटी पडली परदेशी. तिला मींड येत नाही, म्हणून नभोवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं. (मींड न येणारे गवई आत राहिले ते राहिलेच.) १९७१ साली दार किलकिलं झालं, तेही साथीपुरतं. अशा या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांनी एकट्याने मैफली रंगवल्या. पुढे आमच्या मराठवाड्यातल्या अप्पा जळगावकरांनी भीमसेन जोशींसारख्यांना जन्मभर साथ केली आणि स्वतंत्र वादनही गाजवलं.

परवा अप्पांचं एकट्याचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. दहा मिनिटांनी हिने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘अहो, गाणारे कधी सुरू करणार?’’

‘‘गाणारे नाहीतच.’’

कणकेचे हात तसेच घेऊन ही बाहेर आली, खुर्चीत बसली.

‘‘मग जरा मोठ्याने लावा की!’’