शनिवारची गैरहजेरी

3 जुलै
मोहाडी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. रोवणी लागलेली, त्यामुळे पालक कोणीच नव्हते. अकराला मुलांची आरोग्य तपासणी सुरू केली. सहावीतली एक मुलगी मांडी न घालता पाय लांब करून बसली होती. "दुखतं का गं?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. गुडघे लाल नव्हते. पण हाताची पालथी बाजू आधी मांडीवर आणि मग गुडघ्यावर ठेवली, तर गुडघा जास्त गरम लागला. निरोगी गुडघा मांडीपेक्षा थंड लागतो. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून आलेले. नमस्कार करायला सांगितला तर मनगटं पूर्ण मागे झुकेनात. गुरुजी म्हणाले, "मॅडम, ही रोज उशिराच येते. आळशी आहे, बाकी काही नाही."

4 जुलै
रात्री तिचा फॉर्म भरायला घेतला. आमचं काम ज्यात चालतं तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं आणि सुरुवातीला तीस दोष-आजारांची यादी. त्यात संधिज्वरानं बिघडलेलं हृदय आहे, दातांची कीड आहे, फिट्स आहेत. सुजलेल्या सांध्याला रकाना नाही. 'इतर'मध्ये लिहिलं.

5 जुलै
झोप लागली नाही, कारण तो मुलगा आठवत राहिला. दोन वर्षांपूर्वी लाखांदूरकडच्या एका गावात भेटला होता. कुठल्याशा दवाखान्यात संधिज्वर म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं. आधार काय, तर रक्तातलं एएसओ वाढलेलं. एएसओ एवढंच सांगतं की घशात कधीतरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. संधिज्वराचं दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात उडी मारतं आणि अ‍ॅस्पिरिननं एक-दोन दिवसांत उतरतं. त्याचं मनगट मात्र महिनोन्‌महिने तसंच सुजलेलं होतं. मी 'उपचार चालू' असं वाचलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. पुढच्या वर्षी गेले तेव्हा ते मनगट वळत नव्हतं. ती चूक माझीसुद्धा आहे.

7 जुलै, रविवार
दिवसभर वाचत बसले. बोस्टनचे बाल-मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल सीगल यांनी सिम्युलकन्सल्ट नावाचं निदानसाहाय्य सॉफ्टवेअर केलं आहे. मुलांच्या सांध्यांच्या आजारांवरची त्याची चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली. डॉक्टरांना कागदावरचे रुग्ण दिले होते. सॉफ्टवेअरच्या मदतीनं निदानातल्या चुका 28 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आल्या.

त्याची रीत मला फार पटली. कोणतं लक्षण किती वयात सुरू झालं, हे सॉफ्टवेअर विचारतं. काय नाही, हेही विचारतं. ताप नाही, पुरळ नाही, रात्री हाडं दुखून जाग येत नाही: असा प्रत्येक नकार एकेका आजाराला खाली ढकलतो. मग उरलेल्यांची क्रमवारी लावून पुढची कोणती तपासणी सर्वांत उपयोगाची, ते सुचवतं. रक्ताचा कर्करोगही सांधेदुखीचं सोंग घेऊन येतो. दमलेल्या डॉक्टरच्या डोक्यातून तो निसटतो, यादीतून निसटत नाही.

पण कोणता आजार किती आढळतो, हा हिशेब जागेवर ठरतो. आपल्याकडे लेकराचे हातपाय सुजले की सिकलसेल आधी बघावाच लागतो. चिकनगुनिया, क्षयही बघावा लागतो. आणि त्या मुलीची लक्षणं भरताना 'सकाळचा आखडलेपणा: आहे की नाही' या प्रश्नापाशी माझा हात थांबला. मी तिला पाहिलं ते अकरा वाजता.

10 जुलै
सकाळी सहाला तिच्या घरी गेले. आई पदर खोचून रोवणीला निघण्याच्या बेतात होती. "सकाळी आखडतेच जी मॅडम. दहा वाजेवरी मोकळी होते. एरंडीचे पानं गरम करून बांधतो." आजीचं म्हणणं, वात आहे. पोरगी बाजेवरून उतरताना आधी कुशीवर वळली, मग भिंतीला दोन्ही तळहात टेकून उठली. ओट्याची एकच पायरी, ती आडवी होऊन उतरली. वेणी घालायला रबर ताणता येईना. लहान भावानं घालून दिलं. मी घड्याळ लावून बसले. नीट चालायला सव्वा तास लागला. "कधीपासून?" आई म्हणाली, "होळीच्या आंगूनपासून." म्हणजे चार महिने. सोळा वर्षांच्या आत, सहा आठवड्यांहून जास्त, आणि दुसरं कारण सापडत नाही, तर तो बालसंधिवात. आता दुसरं कारण शोधायचं.

12 जुलै
ग्रामीण रुग्णालयातून रिपोर्ट आले. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक, शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर वाढलेला. नागपूरला पाठवायची चिठ्ठी लिहिली. आधीच्या सवयीनं 'सांधेदुखी' असं लिहिणार होते. ते न लिहिता लिहिलं: चार महिने, दोन्ही गुडघे, दोन्ही मनगटं, सकाळी सव्वा तास, ताप नाही, पुरळ नाही. खाली डोळ्यांच्या स्लिट लॅम्प तपासणीची विनंती केली. या आजारात डोळा आतून सुजतो; लाली नाही, दुखणं नाही, आणि नजर मात्र जाते. आईला दोनदा समजावलं, की डोळा चांगला दिसला तरी तपासायचाच. बुडणाऱ्या मजुरीचं तिनं विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जाता जाता शाळेत हजेरीपट मागितला. मार्चपासून तिच्या नावापुढे शनिवार सगळे गैरहजर. शनिवारची शाळा सकाळी सातची असते. गुरुजी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग स्वतःहून म्हणाले, "मॅडम, चौथीतला एक पोरगाही शनिवारी येत नाही."

उद्या शनिवार. आमची गाडी दहाला निघते. ड्रायव्हरदादांना सहाला बोलावलं आहे.