दोन पातळ फळ्या

दिमोन्याच्या घरात माझ्या मराठी पुस्तकांची फळी मधोमध वाकली. मुलगा म्हणाला, "आई, आता कोण वाचणार? देऊन टाक."

मी त्याच मापाची, ९ मिलिमीटर जाडीची दुसरी प्लायवूडची फळी आणवली. दोन सुट्या फळ्या एकीच्या दुप्पट ताठ असतात. नीट चिकटवल्या तर आठपट, कारण मग त्या एकमेकींवर सरकत नाहीत. अलिबागला वडील सरस उकळत. इथे डब्यातला पांढरा गोंद. नातवाने जुनी फळी उलटी, पोक वर करून ठेवली आणि गोंद कडेपर्यंत पातळ फासला. आवळायला शिकंजे नव्हते.

"आजी, वजन काय ठेवू?"

"पुस्तकं."

एकेक पुस्तक ठेवताना तो अक्षरं जुळवत नाव वाचू लागला. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हागादाच्या नव्या प्रतीशी थांबला. "हिब्रू मी वाचतो, मराठी तू वाच."

"दोन्ही तूच वाच. चुकलं तर सांगेन."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी फळी भिंतीवर चढली. अजून सरळ आहे. मुलगा पुन्हा काही बोलला नाही. नातू मात्र अजून फळीला 'फली' म्हणतो. 'ळ' यायचा आहे.