फलक, वारा आणि पाया

रस्त्यावरच्या होर्डिंगवर काय छापले आहे, कोणाचा फोटो आहे, भाडे किती, यावर शहरात भरपूर चर्चा होते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. माझे काम फलकाच्या मागच्या बाजूला, लोखंडी सांगाड्याशी सुरू होते.

आधी वाऱ्याचे गणित. भारतीय मानक ८७५ (भाग ३) मध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरलेला आहे. या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा दाब येतो. जालना रोडवर ४० फूट बाय २० फुटांचा फलक उभा असेल, तर त्यावर जवळपास सात टनांचा आडवा रेटा बसू शकतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि फलक जितका उंच तितका तो रेटा पायथ्याशी जास्त उलथवतो. फ्लेक्सला चार छेद पाडले की वारा निघून जातो, असे अनेकजण सांगतात. त्याने भार फारसा कमी होत नाही.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कोसळलेला फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता. मुंबईत मर्यादा ४० बाय ४०ची. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, रेटाही किमान नऊपट. १७ माणसे गेली. त्याआधी १७ एप्रिल २०२३ला पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला पावसापासून आडोसा शोधणाऱ्यांवर फलक पडून पाच जण गेले. दोन्ही घटना एप्रिल-मेच्या, वळवाच्या दिवसांतल्या. याच दिवसांत मराठवाड्यातही भर दुपारी अचानक वावटळ उठते.

कायदा याबाबत आंधळा नाही. १९४९च्या महानगरपालिका अधिनियमातले कलम २४४ आकाशचिन्हांसाठी, म्हणजे उंचावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांसाठी, तर कलम २४५ जाहिरातींसाठी आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह उभारता येत नाही. शिवाय त्यात परस्पर भर घातली, बदल केला किंवा त्याचा कोणताही भाग अपघाताने वा जीर्ण होऊन पडला, तर परवानगी आपोआप रद्द होते. नुसता एक तुकडा पडला तरी संपूर्ण सांगाड्यावर संशय घ्यावा, ही अभियंत्याची समज त्या मसुद्यात आहे. उणीव अंमलबजावणीत आहे.

प्रत्यक्ष तपासणीत मी प्रथम बेस प्लेट पाहतो. तिच्याभोवती माती साचते, पावसाचे पाणी मुरते आणि अँकर बोल्ट नेमका तिथेच गंजतो. वरून रंग ताजा, आत बोल्ट निम्मा खाल्लेला. मग नट सैल आहेत का, वेल्डिंगला तडा आहे का, तिरकस आधार कापलेला आहे का, हे पाहायचे. पाया काळ्या मातीत असेल तर जास्त जपावे लागते, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गुलमंडी, पैठण गेट भागातल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर सांगाडा उभा करायचा असेल, तर आधी स्लॅब तपासावा लागतो. त्या स्लॅबची रचना हा रेटा धरून केलेली नसते.

म्हणून स्थैर्य प्रमाणपत्र फाइलला जोडण्याचा कागद होता कामा नये. ते देणाऱ्या अभियंत्याने जागेवर जाऊन बोल्ट हाताने तपासलेले असावेत, आणि ही तपासणी दरवर्षी मार्चमध्ये, वळवाच्या आधी व्हावी. परवानगीचा क्रमांक, माप आणि मुदत फलकावर खालून वाचता येईल अशी असावी, म्हणजे ज्याच्या डोक्यावर तो उभा आहे त्याला विचारता येईल. जागा रेल्वेची, पोलिसांची की खासगी, हा वाद वाऱ्याला ठाऊक नसतो. घाटकोपरचा फलक लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होता. शहरातल्या प्रत्येक फलकाला एकच नियम लागू करा आणि जो निकषात बसत नाही तो एप्रिल उजाडण्याआधी उतरवा. एवढे केले, तर आडोशाला थांबलेला माणूस सुखरूप घरी जाईल.